मेंढ्याला कुणी विचारलं?

तुमच्या आईने तुमच्या संडे स्कूलचा कागद स्कॅन करून मला ईमेलवर पाठवला. डावीकडे एकाखाली एक चित्रं: आदाम, हाबेल, इसहाक, योसेफ, मोशे, योना. उजवीकडे येशूच्या आयुष्यातले प्रसंग. मधे रेघा ओढून जोड्या लावायच्या. तुम्ही दोघांनी सगळ्या रेघा बरोबर ओढल्यात आणि सोनेरी चांदणी मिळवलीत. शाबास. पण खरं सांगते, तो कागद बघून मला संताप आला. तुमचा नाही. कागद करणाऱ्याचाही नाही म्हणा, कारण अगदी तसाच कागद मी स्वतः केला होता, तुमचा जन्मही झाला नव्हता तेव्हा. त्या कागदापायी एका बाईला वर्षभर चर्चच्या दारात ताटकळत ठेवलं गेलं. ठेवणाऱ्यांत मी होते. हे कुणीच लिहून ठेवलेलं नाही, म्हणून मी लिहिते आहे.

नव्वदीच्या दशकाचा मध्य असेल. मी शाळेतून निवृत्त झाले होते आणि दर शनिवारी दुपारी चर्चच्या मागच्या खोलीत बाप्तिस्म्याचा वर्ग घेत होते. ज्यांना मोठेपणी बाप्तिस्मा घ्यायचा असतो त्यांना आधी शिकावं लागतं, मग पाळकसाहेब आणि चर्चचे पाच पंच तोंडी परीक्षा घेतात, मग पाणी. माझी शिस्त तुम्हाला माहीत आहे. डब्यांवर चिठ्ठ्या, चाव्यांना नंबर. तशी मी वर्गासाठीही एक तक्ता केला होता. मोठा ड्रॉइंग पेपर, मागून कापड चिकटवलेलं, फूटपट्टीने आखलेल्या बारा ओळी. डाव्या रकान्यात लाल शाईने ‘छाया’, उजव्या रकान्यात निळ्या शाईने ‘तारणारा’.

छाया म्हणजे काय ते तुमच्या कागदावर कुठेच लिहिलेलं नाही, म्हणून सांगते. आपल्या मिशन कंपाउंडमधल्या चिंचेपाशी संध्याकाळी उभं राहिलं की शाळेच्या कोपऱ्यावरून येणाऱ्या माणसाची आधी सावली येते. लांब, वाकडी, कधी डोकं मोठं, कधी पाय मोठे. कुणीतरी येतंय एवढं कळतं, आणि मग माणूस येतो. जुन्या करारातली माणसं तशी, असं आपण मानतो. हाबेल निर्दोष असून मारला गेला. योसेफाला भावांनी विकलं आणि दुष्काळात त्यानेच त्यांना जेवू घातलं. योना तीन दिवस माशाच्या पोटात राहून बाहेर आला. त्यांच्या मागून खरा यायचा होता. हे सगळं मी वर्षानुवर्षं नीट समजावत असे, आणि माझ्या वर्गातलं कुणी कधी नापास झालं नव्हतं. त्याचा मला गर्व होता.

त्या वर्षी वर्गात मुलींच्या वसतिगृहाची स्वयंपाकीण बसायला लागली. तिला सगळं कंपाउंड मावशी म्हणायचं, मीही. वय पन्नाशीच्या आसपास, नवरा गेलेला, माहेर पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका खेड्यात. ती मला बाई म्हणायची. तिला कुणी बोलावलं नव्हतं. बारा वर्षं मुलींच्या संध्याकाळच्या प्रार्थना भाकरी थापता थापता ऐकल्या, आणि एक दिवस पदराला हात पुसत येऊन म्हणाली, “बाई, मलाबी आत याचं हाय.” लिहिता-वाचता बेताचंच येत होतं. पण गोष्ट एकदा ऐकली की ती तिच्यात मुरायची. माझ्या तक्त्याकडे ती बघायचीच नाही, माझ्या तोंडाकडे बघायची.

इसहाकाची ओळ तिची आवडती. देव अब्राहामाला म्हातारपणी झालेला एकुलता मुलगा अर्पण करायला सांगतो. तीन दिवसांची वाट. मुलगा स्वतःच्या पाठीवर लाकडं घेऊन डोंगर चढतो. सुरी उचलल्यावर देव थांबवतो, आणि झुडपात शिंगं अडकलेला एक मेंढा दिसतो, तो मुलाच्या जागी जातो. माझ्या तक्त्यात लाल रकान्यात इसहाक आणि निळ्या रकान्यात ‘वधस्तंभ वाहणारा पुत्र’. मेंढ्याला जागा नव्हती. एका ओळीत एकच नाव बसत होतं.

परीक्षा पाळकसाहेबांच्या ऑफिसात झाली. पाळकसाहेब नवे होते, तरुण, मोठ्या शहरात शिकून आलेले, अतिशय नीटनेटके. पंच पाचही कोल्हापूरचेच. मावशी धुतलेलं हिरवं लुगडं नेसून खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती. मी कोपऱ्यात, मांडीवर गुंडाळलेला तक्ता. तिने हाबेल सांगितला, योसेफ सांगितला. मग पाळकसाहेबांनी विचारलं, “इसहाक हा तारणाऱ्याची छाया कसा, मावशी?”

तिने सगळं बरोबर सांगितलं. एकुलता, लाडका, पाठीवर लाकडं, बापाचं काळीज. पाळकसाहेब पुढच्या प्रश्नाकडे वळणार, तेवढ्यात ती म्हणाली, “पर साहेब, त्या मेंढ्याचं काय?”

“मेंढ्याचं काय?”

“त्येला कुनी इचारलं हुतं? आमच्या गावात जत्रंला बकरं आनत्यात. त्येच्या पाठीवर पानी शिपडत्यात आनि समदी गप ऱ्हात्यात. त्येनं अंग झाडलं तर म्हनायचं, व्हय म्हनालं. न्हाय झाडलं तर हात लावायचा न्हाय. म्हातारी मानसं हात जोडून हुबी ऱ्हात्यात, घटका घटका. हितं डोंगरावर पोराला कुनी इचारलं न्हाय. मेंढ्यालाबी इचारलं न्हाय. म्हनून ती नुसती सावली. आपल्या परभूला बागंत इचारलं. त्येनं अंग झाडलं की! घाम आला, थरथरला, नगं म्हनाला. आनि मग व्हय म्हनाला. तवा कुठं खरं झालं.”

मुलांनो, हे लिहितानाही माझ्या अंगावर काटा येतो. वधस्तंभाच्या आदल्या रात्री प्रभूने जिथे प्रार्थना केली त्या गेथशेमानेच्या बागेवर मी आयुष्यभर प्रवचनं ऐकली आहेत, इंग्रजी टीकाग्रंथ वाचले आहेत. छाया कुठे अपुरी पडते आणि खरा तिथे काय भरून काढतो, हे इतकं स्वच्छ मला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि त्या खोलीत काय झालं? हसू. जिल्ह्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले एक पंच होते, त्यांनी मांडीवर थाप मारली. “ही बया अजून जत्रंतच हाय की हो! उद्या वेदीम्होरं बोकड आणून बांधंल.” दुसरे म्हणाले, “आणि पाणी आम्हालाच शिंपडायला लावंल.” पुन्हा हसू. पाळकसाहेब हसले नाहीत. ते गंभीर झाले, आणि ते जास्त वाईट होतं. मूर्तिपूजेच्या रूढी वचनात मिसळणं हा हसण्याचा विषय नाही, असं म्हणाले. मग माझ्याकडे वळले.

“बाई, हे तुम्ही शिकवलंत?”

मी काय बोलले असेन? तुमची आजी, जिचं इंग्रजी ऐकून कलेक्टर ऑफिसातली माणसं खुर्ची पुढे सरकवायची?

मी म्हणाले, “नाही. हे माझ्या तक्त्यात नाही.”

मावशीने एकदाच माझ्याकडे पाहिलं. निकाल लागला: एक वर्ष थांबावं, जुने विचार जाऊ द्यावेत, मग पाहू.

घरी येऊन मी स्वतःला समजावत बसले. नियम नियम असतात. तिने थोडक्यात उत्तर द्यायला हवं होतं. चहा केला, तो गार झाला. दुसऱ्या दिवशी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात गेले. वाटलं होतं ती रडेल किंवा मला चार शब्द ऐकवेल. ती परातीत पीठ मळत होती.

“मावशी, काल माझं चुकलं.”

“काय चुकलं? तुमच्या तक्त्यात न्हवतंच की ते.” तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. “बसा. भाकरी खाऊन जावा.”

मी भाकरी खाल्ली. त्या दिवसापासून माझा संताप सुरू झाला, तो अजून पुरता उतरलेला नाही.

त्या वर्षाचं एक चित्र सांगते म्हणजे तुम्हाला कळेल. आपल्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. पावाचे बारीक चौकोनी तुकडे चांदीच्या ताटातून बाकाबाकावर फिरतात. ते तुकडे कापायचं काम कुणाचं? मावशीचं. सुरी धारदार, हात स्वच्छ, तुकडे सारखे, म्हणून कितीतरी वर्षं शनिवारी पाव तिच्याकडेच जायचा. बाप्तिस्मा झाला नव्हता तोवर तिला तो खाता येत नव्हता, हे आधीही होतंच. तेव्हा तिला किंवा मला त्यात काही वाटलं नव्हतं. पण आता ती दर महिन्याला शेवटच्या बाकावर बसायची आणि ताट तिच्या हनुवटीखालून शेजारणीकडे जायचं. पाव कापायला ती चालते. मेंढ्याबद्दल बोलायला चालत नाही. मी पुढच्या बाकावरून मान वळवून बघायचे.

आणि ते हसणारे पंच! मला ठाऊक नव्हतं का? कोल्हापुरात राहून जत्रेचं मटण ज्याच्या घरी येत नाही असा माणूस दाखवा. शेजारी पाहुणा म्हणून बोलावतात, नाही गेलं तर डबा पाठवतात. तांबडा रस्सा वरपताना त्या बोकडाच्या पाठीवर पाणी पडलं होतं का, हे कुणी विचारत नाही. बोकड पोटात गेला तर बाधा नाही. एका बाईच्या तोंडून परीक्षेत निघाला तर धर्म बुडतो.

वर्ष सरलं. पुन्हा परीक्षा ठरली. आदल्या आठवड्यात पाळकसाहेब स्वतः माझ्याकडे आले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, “बाई, मलाही त्यांना पुन्हा परत पाठवायचं नाही. त्यांना फक्त एवढं सांगा, इसहाकावर थांबा. मी पुढचा प्रश्न लगेच विचारीन.”

मी मावशीकडे गेले आणि हे सांगितलं. हो, सांगितलं. मला वाटलं आत जाणं महत्त्वाचं, बाकीचं मागाहून. ती लसूण सोलत होती. सोलायची थांबली.

“म्हंजे मेंढा लपवायचा?”

“लपवायचा नाही. बोलायचा नाही.”

“बाई, एवढी वाट बघितली ती ह्याच्यासाठी व्हय? अर्धं सांगून आत शिरू? मग आत जाऊन तरी कुनाम्होरं बसू?”

मी उठले. घरी आले, तक्ता उलगडला आणि जेवणाच्या टेबलावर चारी कोपऱ्यांना चार वाट्या ठेवून पसरला. पहिल्यापासून एकेक ओळ वाचत गेले, जणू दुसऱ्या कुणी लिहिली आहे. सातव्या ओळीवर माझं बोट थांबलं. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या लाल शाईने लिहिलेली ओळ, इतक्या वर्षांत कधी नीट पाहिलीच नव्हती. मला इतका राग आला स्वतःचा की मी टेबलावर हात आपटला आणि एक काचेची वाटी खाली पडून फुटली.

परीक्षेला तीच खोली, तीच माणसं, तेच हिरवं लुगडं. इसहाकाचा प्रश्न आला. मावशीने लाकडं सांगितली, बाप सांगितला. पाळकसाहेबांनी घाईघाईने पान उलटलं. “आता मोशेकडे—”

“आनि मेंढा,” मावशी म्हणाली.

कचेरीवाले पंच खुर्चीत मागे रेलले. “आला का परत बोकड! साहेब, मी म्हनलं न्हवतं?”

मी उठून उभी राहिले. आवाज वर्गात यायचा तसा आला.

“साहेब, मी एक विचारू का? तक्त्यातली सातवी ओळ वाचता?” मी तक्ता त्यांच्या टेबलावर उघडला.

त्यांनी वाचलं. “पितळेचा साप.”

“अरण्यात लोकांना साप चावले, मोशेने पितळेचा साप करून खांबावर टांगला, त्याच्याकडे पाहणारे जगले. आणि त्या सापाला स्वतःची छाया कोण म्हणालं? तुम्ही नाही, मी नाही. खुद्द प्रभू म्हणाला. साप! आदामाच्या बागेपासून ज्याचं नाव घेऊन आपण मुलांना घाबरवतो तो. देवाला स्वतःला दाखवायला साप चालतो, आणि ह्या मंडळाला मावशीचं बकरं चालत नाही? योनाने आज्ञा मोडली, पळून गेला, तो चालतो. यहूदाने भावाला, योसेफाला, विकायची युक्ती काढली, आणि प्रभू त्याच्याच वंशात जन्मला, ते चालतं. सावली कुठे स्वच्छ असते का? सावली मातीवरच पडते.”

“बाई, शांत व्हा,” एक पंच म्हणाले.

“मी गेल्या वर्षी शांत होते. तीच चूक झाली. आणि रूढीचं म्हणाल, तर जत्रेचा डबा कुणाकुणाकडे येतो त्याची यादी माझ्याकडे आहे. मी याद्या करते, हे सगळ्यांना माहीत आहे. वाचू?”

कचेरीवाल्यांनी टेबलावरचं पाणी पिऊन घेतलं.

आमच्यातले सगळ्यात वयस्कर पंच, पायताणांचा धंदा मुलांवर सोपवून बसलेले, वर्षभर एक शब्द बोलले नव्हते. ते म्हणाले, “पानी मीबी शिपडलंय.”

सगळे त्यांच्याकडे वळले.

“मामाच्या गावाला. धाकटा हुतो. बकरं काय अंग झाडंना. सांज हुत आली, समदी हुबी. माझी आजी रडाय लागली, म्हनाली, त्येची मर्जी न्हाय, सोडा त्येला. सोडलं बगा. म्हातारं हुऊन मेलं ते.” त्यांनी मावशीकडे पाहिलं. “आपन काय आभाळातनं पडलोय व्हय? आपल्या आज्या-पंज्यांनी ह्येच बघितलं हुतं, म्हनून त्यास्नी परभू वळखू आला. ही बाई बरोबर सांगतीया. उलट आपल्याला ठावं हुतं ते आपन इसरलो.”

पाळकसाहेबांचा चेहरा लाल झाला होता. माझ्या सातव्या ओळीवर त्यांचं बोट तसंच होतं. शेवटी त्यांनी मावशीला एकच प्रश्न विचारला, कुठल्याच तक्त्यात नसलेला. “मावशी, तुम्हाला कुणी विचारलं का? का कुणी ढकललं?”

“मला? मला तर वरीसभर कुनी इचारतच न्हाय, साहेब. मीच इचारतीया.”

तीन विरुद्ध दोन मतांनी तिचं नाव मंजूर झालं. कार्यवृत्ताच्या वहीत लिहिलं गेलं: ‘उमेदवाराची उत्तरे समाधानकारक.’ मी म्हणाले, ती काय म्हणाली ते लिहा, तिच्या शब्दांत लिहा. पाळकसाहेबांनी मान हलवली, पण वही त्यांच्या हातात नव्हती. वही लिहिणाऱ्या पंचांनी सांगितलं, रकाना तेवढाच आहे. रकाना! ज्या बाईने तारणाऱ्याची ओळख आम्हा सगळ्यांपेक्षा नीट करून दिली, तिच्यासाठी वहीत दीड इंच जागा. कुणी पुढे ती वही उघडली तर वाटेल, आली, पाठ केलं, पास झाली. या गोष्टीचा राग मी अजून सोडलेला नाही, आणि सोडायचा विचारही नाही.

बाप्तिस्मा ईस्टरच्या आधीच्या रविवारी झाला; त्या वर्षी तोच महिन्याचा पहिला रविवार होता. सकाळची उपासना, हवा उन्हाळ्याची, पण पाणी रात्रभर माठात ठेवलेलं. ती वेदीपुढे गुडघे टेकून बसली. डोक्यावरचा पदर मीच थोडा मागे सारला. पाळकसाहेबांनी ओंजळीतून तिच्या डोक्यावर तीनदा पाणी घातलं. केसांतून ओघळ मानेवर गेले, पाठीवर गेले.

आणि तिने अंग झाडलं. डोक्यापासून खांद्यांपर्यंत, सगळ्यांना दिसेल असं. दोन थेंब पाळकसाहेबांच्या पांढऱ्या झग्यावर उडाले. मागच्या बाकावरून म्हाताऱ्या पंचांचा आवाज आला, अगदी हळू नव्हता: “व्हय म्हनाली.”

पाळकसाहेबांनी झगा पुसला नाही.

मी तिला हाताला धरून उठवलं, बाकावर माझ्या शेजारी बसवलं आणि विचारलं, “मावशी, मुद्दाम?”

“पानी गार हुतं की, बाई,” ती म्हणाली, आणि पदराने मान पुसली. मग पावाचं ताट आलं. शेजारणीकडे न जाता ते तिच्यापुढे थांबलं. तिने ताटात नीट पाहिलं, काल स्वतःच कापलेल्या तुकड्यांतला एक उचलला आणि माझ्या कानाशी लागून म्हणाली, “जरा जाडच कापल्यात मी.”